शेलची आडवी विहीर खरंच चांगली आहे का, आकड्यांवरून कसं ओळखायचं

गुहागरकडे आमच्या घरामागे जांभ्यात खणलेली विहीर आहे, तिला तळाशी दोन आडवे बोअर मारलेत. मारले त्या दिवशी एका बोअरमधून मनगटाएवढी धार आली, वडिलांनी बालदी धरली, मी मोबाईलवर सेकंद मोजले, आठ सेकंदात बालदी भरली आणि घरात सगळे खूश. शिमग्याला तीच बालदी त्याच धारेखाली धरली तर पाऊण मिनिट लागलं. दुसरा बोअर पहिल्या दिवशी बोटाएवढाच होता पण तो मे महिन्यापर्यंत तसाच वाहत राहिला आणि त्या वर्षी कलमांना पाणी त्यानेच पुरवलं.

मी रोज नोकरीत हेच बघतो, फक्त विहिरी अमेरिकेत आहेत आणि पाण्याऐवजी तेल. आता माझ्या भाच्याला मुंबईत याच कामावर घेतलंय, तो फोनवर विचारत होता की मामा हजार विहिरींची शीट दिलीय, बघायचं काय नेमकं. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, आपल्याकडची बरीच पोरं रिगवर, ऑफशोअरला आणि आता अशा ऑफिसांतही आहेत, त्यांना उपयोग होईल.

आधी दगड समजून घ्या. आपल्या समोरच्या समुद्रात १९७४ ला सापडलेलं मुंबई हाय, तिथलं तेल मुख्यतः चुनखडकात आहे, त्या दगडातून तेल आपलं आपण सरकत विहिरीकडे येतं. शेल म्हणजे बारीक मातीच्या कणांचा घट्ट दगड, तो तसा नाही. तिथे पारगम्यता, म्हणजे दगडातून तेल किती सहज सरकतं ते, मिलिडार्सीत नाही, नॅनोडार्सीत मोजतात, म्हणजे सरळ दहा लाख पटींचा फरक. म्हणून खाली दोन-तीन किलोमीटर जाऊन ड्रिल आडवं वळवायचं, दगडाच्या थरातून दहा हजार फूट म्हणजे जवळजवळ दोन मैल न्यायचं आणि मग टप्प्याटप्प्याने पाणी आणि वाळू दाबाने मारून दगडाला चिरा पाडायच्या, यालाच फ्रॅकिंग म्हणतात. फुटाला २००० पौंड वाळू धरली तर दहा हजार फुटांना दोन कोटी पौंड, म्हणजे साधारण ९००० टन वाळू एका विहिरीत जाते. तेल येतं ते या चिरांच्या लगतचं. ते आधी भसाभस येतं, मग आतल्या घट्ट दगडातून चिरेपर्यंत पोचायला वेळ लागतो म्हणून धार पडते, पहिल्याच वर्षात ६०-७० टक्के पडणं नेहमीचंच. आणि आपली विहीर पावसाळ्यात परत भरते, ही भरत नाही.

म्हणून पहिली गोष्ट, २४ तासांचा आयपी म्हणजे सुरुवातीचा दर, त्यावर विहिरींची क्रमवारी कधीच लावायची नाही. विहिरीच्या तोंडाशी चोक, म्हणजे धार कमी-जास्त करायची तोटी असते, तो जास्त उघडला की आकडा मोठा दिसतो, कमी उघडला की लहान. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी आयपीवर क्रमवारी लावून दिली होती, वरच्या वीसातल्या निम्म्याहून जास्त विहिरी वर्षाअखेरीस मधल्या घोळक्यात जाऊन बसल्या आणि तो रिपोर्ट पुढे कोणीतरी वापरलाही होता, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मग बघायचं काय तर बारा महिन्यांचं एकूण तेल. समजा अ विहीर, लॅटरल म्हणजे आडवा भाग १०,००० फूट, आयपी १५०० बॅरल. पहिल्या महिन्यात २८,००० बॅरल, म्हणजे दिवसाला सरासरी ९३३, इथेच आयपीतली हवा निघाली. बाराव्या महिन्यात ९,०००, वर्षाचं एकूण १,८०,०००. ब विहीर, लॅटरल ७,५०० फूट, आयपी फक्त ९००, वर्षाचं एकूण १,५०,०००. शीटमध्ये अ वरच दिसणार. आता दोघींना हजार फुटांवर आणा, अ चे १८,००० आणि ब चे २०,०००, म्हणजे ब च्या जागचा दगड किंवा ब चं फ्रॅकिंग सरस आहे, अ फक्त लांब आहे. हा भागाकार केल्याशिवाय 'यंदाच्या विहिरी गेल्या वर्षीपेक्षा भारी' असं वाक्य लिहू नका, कारण लॅटरल दर काही वर्षांनी लांब होत गेलेत. मात्र एक लक्षात ठेवा, लांबी दुप्पट केली की तेल बरोब्बर दुप्पट होत नाही, टोकाकडचा भाग बऱ्याचदा कमी देतो, त्यामुळे पाच हजार फूटवाली आणि पंधरा हजार फूटवाली शेजारी ठेवताना जपून.

महिने जुळवणं हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. विहीर २६ तारखेला चालू झाली तर पहिला महिना पाच दिवसांचा, तो तसाच घेतला तर आलेख आधी चढलेला दिसतो. नॉर्थ डकोटाच्या डेटात विहिरीगणिक महिन्याचं तेल आणि किती दिवस चालली ते मिळतं, दिवसाने भागा म्हणजे बंद पडलेले दिवसही कळतात. तिथे नवीन विहिरीचे आकडे सहा महिने गोपनीय ठेवता येतात, तेव्हा रिकामा रकाना म्हणजे शून्य तेल समजू नका. टेक्सासमध्ये भलतीच गोम आहे, तिथे तेलाचा सरकारी आकडा विहिरीचा नसून लीजचा, म्हणजे भाडेपट्ट्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्याचा असतो, एका लीजवर सहा विहिरी असल्या तर सहांचा मिळून एक. विकत मिळणाऱ्या डेटात ते विहिरींवर अंदाजाने वाटलेलं असतं. भाच्याला तीन विहिरींचे आकडे दर महिन्याला हुबेहूब एकसारखे दिसले तेव्हा त्याला वाटलं कॉपी-पेस्टची चूक आहे, तर ती वाटणी होती.

तेल आणि गॅस वेगवेगळे ठेवा. सहा हजार घनफूट गॅस म्हणजे एक बॅरल असं धरून एकच आकडा देतात, तो उष्णतेच्या हिशोबाने बरोबर आहे, पैशाच्या हिशोबाने नाही, पर्मियनमध्ये, म्हणजे टेक्सास-न्यू मेक्सिकोतल्या तेलाच्या मोठ्या पट्ट्यात, वाहा हब या गॅसच्या खरेदी-विक्रीच्या ठिकाणी भाव काही वेळा शून्याच्याही खाली गेलाय. शेलची विहीर जुनी झाली, खालचा दाब उतरला की तेलामागे गॅस वाढत जातो, त्यामुळे एकत्र आकड्यात घसरण कमी दिसते आणि तेल मात्र गेलेलं असतं. पाण्याचा रकानाही बघा, पर्मियनच्या डेलावेअर भागात एका बॅरल तेलामागे कित्येक बॅरल खारं पाणी येतं आणि ते जिरवायचा खर्च त्याच विहिरीच्या माथी.

पुढचा अंदाज काढायला अजून आर्प्सचं १९४५ चं, धार कशी घसरत जाते ते सांगणारं समीकरणच वापरतात. त्यातला बी, म्हणजे घसरण पुढे किती मंदावते ते सांगणारा आकडा, शेलच्या सुरुवातीच्या आकड्यांना लावला की एकच्या वर येतो, तो तसाच तीस वर्षं ओढला तर कागदावर तेलच तेल. ठरावीक वर्षांनंतर घसरण वर्षाला ६ ते ८ टक्के अशी स्थिर धरून पुढे न्या.

'एका रिगमागे, म्हणजे ड्रिल करणाऱ्या यंत्रामागे, किती तेल' या आकड्याने विहिरीबद्दल काही ठरवू नका, रिग भराभर ड्रिल करायला लागली तरी तो वाढतो. २०१४ ला शंभर डॉलरच्या वर असलेला भाव २०१६ च्या सुरुवातीला तीसच्याही खाली गेला तेव्हा कंपन्यांनी फक्त हमखास जागा खोदल्या, सरासरी वाढली, दगड तोच होता.

आणि शेजार बघा. जुन्या विहिरीने आजूबाजूचा दाब खाल्लेला असतो, तिच्याजवळ नवीन मारली की नवीनचं फ्रॅक त्या रिकाम्या भागाकडे पळतं, दोघींचंही नुकसान होऊ शकतं, याला पॅरेंट-चाइल्ड म्हणतात. आपल्याकडे शेजाऱ्याने बोअर मारला की आपल्या विहिरीला फरक पडतो, त्यातलाच प्रकार. म्हणून शीटमध्ये दोन रकाने वाढवा, सगळ्यात जवळची जुनी विहीर किती फुटांवर आणि ती किती महिने आधी चालू झाली. भाच्याने चाळीस विहिरींचे रकाने भरलेत आणि आयपीत वरच्या पण वर्षाच्या आकड्यात खाली घसरलेल्या सातांपैकी पाच जुन्या विहिरीला खेटून आहेत, आता उरलेल्या भरल्या की परत बोलू म्हणालाय.