१९७६चा ब्रिटिश शनिवार: टीव्हीसमोर अख्खा दिवस कसा मांडायचा

जुन्या ब्रिटिश टीव्हीचा शनिवार घरी उभा करायचा म्हटलं की लोक आवडत्या मालिका गोळा करतात आणि ओळीने लावत सुटतात. तिसऱ्या भागाला सगळे कंटाळतात. त्या दिवसाची मजा सरमिसळीत होती: सकाळी मुलांचा धुडगूस, दुपारी घोडे आणि रग्बी, दिवेलागणीला राक्षस, जेवणानंतर नाटक, झोपायच्या आधी फुटबॉल. चॅनल तीनच: सार्वजनिक बीबीसी १ आणि बीबीसी २, आणि जाहिरातींवर चालणारं खासगी आयटीव्ही. घरी रेकॉर्ड करण्याची सोय जवळपास कुणाकडे नव्हती. म्हणजे लागेल ते आणि लागेल तेव्हाच बघायचं. ही सक्ती पाळलीत तर निम्मं काम झालं.

आधी तारीख

‘सत्तरच्या दशकातला कुठलासा शनिवार’ चालणार नाही. एकच तारीख धरा, नाहीतर कधीच एकत्र न लागलेल्या गोष्टी एका दिवसात कोंबल्या जातात. उदाहरणार्थ, मायकल पार्किन्सनच्या गप्पांच्या कार्यक्रमात रॉड हलच्या इमू बाहुल्याने त्याच्यावर झडप घातली ती २७ नोव्हेंबर १९७६ला. पण काळातून प्रवास करणाऱ्या ‘डॉक्टर’ची बीबीसीवरची विज्ञानमालिका ‘डॉक्टर हू’, तिचे नवे भाग २० नोव्हेंबरनंतर थेट १ जानेवारी १९७७पर्यंत बंद होते. दोन्ही एकाच संध्याकाळी दाखवलंत, तर जाणकार लगेच पकडेल.

पहिल्या खेपेला १३ नोव्हेंबर १९७६ घ्यावा. त्या दिवशी ‘डॉक्टर हू’मधल्या ‘द डेडली असॅसिन’ या कथेचा तिसरा भाग लागला आणि पाण्याखाली दाबलेल्या डॉक्टरच्या चेहऱ्यावर चित्र गोठून भाग संपला. टीव्हीवरच्या हिंसेविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या मेरी व्हाइटहाउस यांनी तक्रार केली आणि बीबीसीने मूळ टेपमधून तो शेवट कापला. डीव्हीडीवर तो परत जोडलेला आहे, तेव्हा तीच आवृत्ती घ्या.

काही तारखा टाळाच. १७ डिसेंबर १९७३ ते ८ फेब्रुवारी १९७४ या काळात ऊर्जाटंचाईमुळे, नाताळची सवलत सोडली तर, टीव्ही रात्री साडेदहालाच बंद व्हायचा. १० ऑगस्ट ते २४ ऑक्टोबर १९७९ संपामुळे आयटीव्ही जवळजवळ देशभर बंद होतं. त्याच काळात, २० ऑक्टोबरला, ‘डॉक्टर हू’ला १ कोटी ६१ लाख प्रेक्षक मिळाले, कारण समोर स्पर्धकच नव्हता. मे महिन्यातला एफए कप या फुटबॉल स्पर्धेच्या फायनलचा शनिवारही नमुन्यादाखल निरुपयोगी. तो दिवस सकाळपासून त्या एका सामन्यालाच वाहिलेला असे.

वेळापत्रक

बीबीसीसाठी ‘बीबीसी जीनोम’ ही वेबसाइट वापरा. १९२३ ते २००९चे ‘रेडिओ टाइम्स’ या साप्ताहिकातले कार्यक्रम तिथे तारखेप्रमाणे शोधता येतात. फक्त एवढं ध्यानात ठेवा की ती आधी छापलेली यादी आहे. ऐन वेळी झालेले बदल त्यात दिसत नाहीत.

आयटीव्ही तिथे सापडणार नाही. ‘रेडिओ टाइम्स’ फक्त बीबीसीचं आणि ‘टीव्ही टाइम्स’ फक्त आयटीव्हीचं छापायचं. ही वाटणी १९९१पर्यंत टिकली. त्यामुळे त्या दिवशीचं वर्तमानपत्र किंवा ‘टीव्ही टाइम्स’चा जुना अंक मिळवावा लागतो. इथेच बहुतेकांची गफलत होते, कारण आयटीव्ही हा प्रादेशिक कंपन्यांचा संघ होता. लंडनमध्ये शुक्रवारी संध्याकाळी थेम्स ही कंपनी जाऊन लंडन वीकेंड टेलिव्हिजन येई. मँचेस्टरकडे ग्रॅनडा, लीड्सकडे यॉर्कशायर. ‘स्पेस: १९९९’ ही विज्ञानमालिका एका प्रदेशात शनिवारी, तर दुसऱ्या प्रदेशात भलत्याच वारी लागे. म्हणून आधी शहर ठरवा आणि अंक त्याच प्रदेशाचा आहे ना, हे मुखपृष्ठावर बघून घ्या.

दिवसाची मांडणी

सकाळ: बीबीसी १वर नोएल एडमंड्सचं मुलांसाठीचं ‘मल्टीकलर्ड स्वॉप शॉप’, जे २ ऑक्टोबर १९७६ला नुकतंच सुरू झालं होतं. ते थेट प्रक्षेपण होतं, आज हाती लागतात ते तुकडे. वीस-पंचवीस मिनिटं लावा आणि पुढे चला. बीबीसी २वर त्या वेळी ओपन युनिव्हर्सिटीचे वर्ग असत. फळ्यासमोरच्या प्राध्यापकांची पाच मिनिटं मध्ये टाकलीत तर दिवसाला खरा रंग येतो.

दुपार: खेळांचे दोन कार्यक्रम, बीबीसीवर ‘ग्रँडस्टँड’, आयटीव्हीवर डिकी डेव्हिसचं ‘वर्ल्ड ऑफ स्पोर्ट’. इथे लीग फुटबॉलचा अख्खा सामना लावणं ही हमखास होणारी चूक. लीगचे सामने नियमितपणे थेट दिसू लागले ते १९८३पासून. त्याआधी शनिवारी दुपारी घोड्यांच्या शर्यती, रग्बी लीग, मोटारींच्या शर्यती आणि चारच्या सुमारास आयटीव्हीवर कुस्ती. कुस्तीची एक लढत पुरे.

पावणेपाचच्या आसपास खरी गंमत. तीनला सुरू झालेले सामने संपत आणि टेलिप्रिंटरवर निकाल अक्षर-अक्षर उमटत. मग ‘ग्रँडस्टँड’वर लेन मार्टिन निकालांची पूर्ण यादी वाचत. पहिल्या संघाचा आकडा आणि दुसऱ्या संघाचं नाव ज्या सुरात येई, त्यावरून कोण जिंकलं की बरोबरी झाली हे पुढचा आकडा ऐकण्याआधीच कळे. घरोघरी लोक हातात पूल्सचं, म्हणजे सामन्यांच्या निकालांवर पैसे लावायचं, कूपन घेऊन बसलेले असत. त्या तारखेचे सामने कागदावर लिहा, प्रत्येकाला बरोबरीत सुटतील असे आठ निवडायला सांगा आणि निकाल त्या चालीत वाचून दाखवा. जमलेल्यांना हा खेळ दिवसातल्या कुठल्याही कार्यक्रमापेक्षा जास्त आवडतो.

संध्याकाळ: सहाच्या सुमारास २५ मिनिटं ‘डॉक्टर हू’, लगेच ब्रूस फोरसाइथचा स्पर्धेचा कार्यक्रम ‘जनरेशन गेम’. शेवटी सरकत्या पट्ट्यावरून वस्तू जातात आणि स्पर्धकाने त्या आठवून सांगायच्या; पाहणाऱ्यांनीही बरोबरीने सांगाव्यात. त्यानंतर सुमारे ५० मिनिटांचं नाटक ‘द डचेस ऑफ ड्यूक स्ट्रीट’, मग बातम्या, जिमी हिलचा फुटबॉलचा कार्यक्रम ‘मॅच ऑफ द डे’ आणि शेवटी पार्किन्सन. नेमकी मिनिटं जीनोमवरून घ्या. नऊच्या आधी प्रौढांसाठीचं काही लावू नका. हा दंडक तेव्हाही होता.

पडदा आणि सेट

चित्राचं प्रमाण ४:३ ठेवा. बाजूच्या काळ्या पट्ट्या झाकायला ताणलंत की सगळे जाडे दिसतात. टीव्हीचं ‘मोशन स्मूदिंग’, म्हणजे हालचाल गुळगुळीत करणारी सोय, बंद करा. स्टुडिओतले प्रसंग व्हिडिओवर आणि बाहेरचे १६ मिलिमीटर फिल्मवर घेत. दार उघडून पात्र बाहेर पडलं की चित्राचा पोतच बदलतो. स्मूदिंग सुरू असेल तर हा फरक पुसला जातो. व्हिडिओ सेकंदाला ५० फील्डचा (अर्ध्या चित्रांचा) असल्यामुळे इंटरनेटवरच्या २५ फ्रेमच्या प्रतीत त्याची चपळाई हरवते. शक्य तिथे डिस्कच वापरा, मात्र प्लेअर रीजन २ (ब्रिटनच्या डिस्कचा विभाग) आणि पाल (तिथली चित्रपद्धत) चालवतो का ते आदल्या दिवशी तपासा.

सिनेमा ठेवणार असाल तर वेळेचा हिशेब चुकवू नका. २४ फ्रेमचा चित्रपट ब्रिटिश टीव्हीवर २५ने चाले, म्हणून १०० मिनिटांचा ९६त संपतो.

१९७६मध्ये अनेक घरांत कृष्णधवल सेटच होता. टीव्ही बघायचं वर्षाचं लायसन्स रंगीत सेटला १८ पौंड, कृष्णधवलला ८. एखादा कार्यक्रम रंग शून्यावर आणून बघाच.

आयटीव्हीच्या कार्यक्रमांत जाहिराती हव्यात, पण बेतानं: दिवसाची सरासरी तासाला सहा मिनिटं, एका तासात फार तर सात. सिगारेटच्या जाहिराती १ ऑगस्ट १९६५पासून बंद होत्या, त्या घालू नका, सिगारच्या चालतील. बीबीसीवर एकही नको.

रिमोट लपवा. चॅनल बदलायचं तर उठून जायचं, आणि एकदा बदललं की सुटलेला भाग परत नाही. पॉज कुणालाही नाही, यजमानालाही नाही. एकाच वेळी दोन चांगले कार्यक्रम आले तर घरात वाद होईल. होऊ द्या, पण कार्यक्रम सुरू व्हायच्या आत मिटवा.

पूर्ण दिवस जमत नसेल, तर निकालांपासून ‘मॅच ऑफ द डे’पर्यंतचा पट्टा ठेवा. सकाळ गाळली तरी चालते. मधला ‘जनरेशन गेम’ मात्र लांब वाटला म्हणून कापू नका; भीतीनंतर लगेच हसू आणि हसण्यानंतर नाटक हा क्रम त्याच्यावरच टेकलेला आहे. बीबीसी १ राष्ट्रगीताने बंद होई, ते वाजलं की सेट बंद करा.