एकांकिकेच्या तालमीत पहिल्यांदा उभे राहताना: कानावर पडणारे शब्द आणि त्यामागचं काम

कॉलेजच्या एकांकिकेत किंवा हौशी संस्थेत नव्याने आलेल्या माणसावर पहिल्याच आठवड्यात सूचनांचा मारा होतो. ‘डाऊन राइटला ये’, ‘तू त्याला कव्हर करतोयस’, ‘लाइट घे’, ‘वाक्य पाडू नकोस’, ‘बेअरिंग सुटलं’. स्पर्धा तोंडावर असते, त्यामुळे थांबून अर्थ सांगायला कुणाला वेळ नसतो. यातली प्रत्येक सूचना एका ठरावीक कृतीची असते. प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा एकाचं काम दुसऱ्याच्या कामाला जिथे भिडतं तिथे: वाक्य आणि प्रकाश, एंट्री आणि संगीत, काळोख आणि सामान हलवणं. म्हणून खाली या सांध्यांवर जास्त लिहिलं आहे.

वाचन आणि संहिता

संहिता हातात आली की पहिली पायरी नाट्यवाचनाची. सगळ्यांनी गोल बसून, आपापल्या वाक्यांसकट सगळी संहिता मोठ्याने वाचायची आणि घड्याळ लावायचं. बसून वाचताना लागलेल्या वेळेत प्रयोगात भर पडतेच. हालचाली, पॉज, प्रवेशांमधले ब्लॅकआउट (पूर्ण काळोख) आणि प्रेक्षकांचे हशे वाचनात नसतात. स्पर्धेची मर्यादा एक तासाची असेल आणि वाचनच पंचावन्न मिनिटांचं होत असेल, तर काटछाट त्याच आठवड्यात करावी. पाठांतर झाल्यावर वाक्यं कापली की नट जुनीच वाक्यं बोलत राहतो आणि समोरच्याचा धागा तुटतो.

याच टप्प्यावर लेखकाचं लेखी परवानगीपत्र घ्यावं. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही लागतं. ही कागदपत्रं स्पर्धेच्या प्रवेशिकेसोबत मागितली जातात आणि शेवटच्या आठवड्यात त्यांच्यामागे धावणाऱ्या संघाच्या तालमी बुडतात.

वाचनात नटाने स्वतःला विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. मी कुठून आलो, आत्ता किती वाजले आहेत, समोरच्याकडून मला काय हवं आहे आणि ते मिळण्याच्या आड काय येतं आहे? रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्कीच्या पद्धतीत दिलेली परिस्थिती आणि पात्राचं उद्दिष्ट यांना जे महत्त्व आहे ते याचसाठी. उद्दिष्ट क्रियापदात लिहावं. ‘मला दुःख झालं आहे’ हे रंगमंचावर करता येत नाही. ‘मला तिला जाऊ द्यायचं नाही’ हे करता येतं. उद्दिष्ट जिथे बदलतं तिथे संहितेत पेन्सिलीने आडवी रेघ मारा. आवाजाची पट्टी, चाल आणि अंतर बदलण्याच्या जागा बहुधा त्या रेघांवरच सापडतात.

नाट्यशास्त्रातले अभिनयाचे चार प्रकार परीक्षेपुरते पाठ केले जातात, पण तालमीत ते तपासणीच्या यादीसारखे वापरता येतात. आंगिक म्हणजे शरीर, वाचिक म्हणजे बोलणं, आहार्य म्हणजे वेश, रंगभूषा वगैरे बाहेरून घातलेलं सगळं. सात्त्विक म्हणजे आतल्या अवस्थेमुळे शरीरावर उमटणारं: कंप, घाम, अश्रू, आवाजाचं बदलणं. प्रवेश खोटा वाटत असेल तर चारांपैकी नेमकं काय कमी पडतं आहे ते विचारा. नुसतं ‘फील येत नाही’ म्हणून काहीच दुरुस्त होत नाही.

दिशा, जागा आणि मूव्हमेंट

रंगमंचाच्या दिशा नटाच्या बाजूने मोजतात. प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला राइट, डाव्या हाताला लेफ्ट. समोर बसलेल्या दिग्दर्शकाला ते उलटं दिसतं, म्हणून ‘तुझा लेफ्ट’ असं सांगायची सवय दोघांनीही लावून घ्यावी. प्रेक्षकांच्या जवळचा भाग डाऊन, मागच्या पडद्याकडचा अप. युरोपातल्या जुन्या रंगमंचांची जमीन मागच्या बाजूला चढती असे, त्यातून ही नावं आली. डाऊन, मधला पट्टा आणि अप यांचे राइट, सेंटर, लेफ्ट असे तीन-तीन भाग धरले की नऊ जागा होतात. संहितेच्या कडेला ‘डा.रा.’, ‘अ.से.’ अशी टिपणं ठेवा. ‘इथून तिकडे जातो’ हे दोन आठवड्यांनी कुणालाच कळत नाही.

कोण, कधी, कुठून कुठे जातो हे बसवण्याला ब्लॉकिंग किंवा मूव्हमेंट्स देणं म्हणतात. मूव्हमेंट वाक्याच्या आधी, वाक्यासोबत की वाक्यानंतर, हेही ठरवायचं असतं. चालून मग बोललं तर वाक्याला वजन येतं. बोलून मग चाललं तर प्रेक्षकाची नजर हालचालीवर राहते. महत्त्वाचं वाक्य चालता चालता बोलू नये, त्याचा अर्धा भाग पावलांत जातो.

कव्हर होणं म्हणजे एका नटामुळे दुसरा झाकला जाणं. दोष बहुतेक वेळा पुढच्याचा मानतात, पण मागच्यानेही स्वतःची जागा शोधायची असते. त्याला समोरचे प्रेक्षक दिसत नसतील तर प्रेक्षकांनाही तो दिसत नाही. तीन पात्रं असतील तर सरळ रांगेत उभी करू नयेत. त्रिकोण केला की नजर त्याच्या टोकाकडे जाते आणि बोलणारा माणूस त्या टोकावर ठेवता येतो. विंगेतही, म्हणजे रंगमंचाच्या कडेला पडद्याआड असलेल्या जागेतही, हाच नियम: विंगेत उभं राहून तुम्हाला एकही प्रेक्षक दिसत असेल तर तुम्हीही त्याला दिसत आहात, एक पाऊल मागे सरा. तालमीत एकदा तरी पहिल्या रांगेच्या दोन्ही टोकांच्या खुर्च्यांवर बसून सगळं नाटक बघावं. मधल्या खुर्चीवरून बसवलेलं नाटक कडेच्या प्रेक्षकाला अर्धंच दिसतं.

आता मोठी अडचण. तालमीची खोली पंधरा फुटांची आणि नाट्यगृहाचा रंगमंच समोरून 36 फूट रुंद. खोलीत दारापासून मध्यापर्यंत सात फूट, म्हणजे दोन सेकंद. रंगमंचावर विंगेपासून मध्यापर्यंत अठरा फूट. सेकंदाला चार फूट या साध्या चालीने साडेचार सेकंद. अडीच सेकंदांची ही शांतता प्रत्येक एंट्रीला वाढते, लय जाते आणि नट घाबरून मध्येच घोळका करून उभे राहतात. यावर उपाय म्हणजे मार्किंग. नाट्यगृहाची रुंदी, सायकपर्यंतची (मागच्या मोठ्या पांढऱ्या पडद्यापर्यंतची) खोली आणि विंगांची संख्या आधी मागून घ्या. एखाद्या मैदानात किंवा गच्चीवर चिकटपट्टीने वा खडूने खऱ्या मापाची चौकट आखा, दारं आणि लेव्हल्सच्या जागाही दाखवा, आणि निदान शेवटच्या आठवड्यातल्या तालमी तिथेच करा. लेव्हल म्हणजे उंचवट्याचा लाकडी चौथरा. तो एक फुटाचा असेल तर तालमीतही एक फुटाचंच काहीतरी चढायची सवय हवी. सपाट जमिनीवर बसवलेली चढउतार प्रयोगात पायाखाली गडबडते.

वाक्य, पॉज आणि बेअरिंग

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि नकारही बहुधा शेवटीच. ‘मी त्याला ओळखत नाही’ हे वाक्य बोलताना श्वास संपला आणि ‘नाही’ गिळलं गेलं, तर शेवटच्या रांगेला उलटाच अर्थ पोचतो. वाक्य पाडू नकोस, ही सूचना याच गोष्टीची. नवा नट वाक्याची सुरुवात जोरात करतो आणि शेवटाकडे उतरत जातो. श्वास वाक्याआधी घ्या, लांब वाक्यात तो कुठे घ्यायचा त्याची खूण संहितेत करा आणि शेवटचे दोन शब्द पहिल्या दोन शब्दांइतक्याच आधाराने बोला. आवाजाची फेक म्हणजे ओरडणं नव्हे. घसा ताणून काढलेला आवाज लवकर बसतो आणि मग हळू बोलायच्या जागाही हातातून जातात. तालमीत एकाला दूरवर उभं करा. शब्द कळला नाही की त्याने हात वर करायचा.

पॉजला कारण लागतं. विचार बदलला, काहीतरी दिसलं, उत्तर टाळलं, असं काही घडत असेल तर तो पॉज. नाही तर ते विसरलेलं वाक्य वाटतं. हशा आला की थांबायचं, पण तो पूर्ण विरेपर्यंत नाही. उतरायला लागला की पुढचं वाक्य घ्यावं. हशाच्या ऐन भरात बोललं तर वाक्य बुडतं आणि पुढच्या विनोदाला प्रेक्षक हसायला कचरतात.

बेअरिंग म्हणजे पात्राची चाल, बसण्याची ढब, बोलण्याची पट्टी यांचा एकत्र धरलेला ठसा. ते बहुतेक वेळा सुटतं स्वतःचं वाक्य नसताना. म्हाताऱ्याचं काम करणारा नट बोलताना वाकलेला असतो आणि ऐकताना ताठ होतो. मॉबमध्ये असलेल्यांना हे जास्त लागू आहे. गर्दीतल्या एका माणसाची नजर भलतीकडे गेली तरी प्रेक्षक तिकडे बघतात. मॉबमधल्या प्रत्येकाने आपण कोण आणि इथे का आलो एवढं तरी ठरवावं.

लाइट घेणं आणि लाइट लावणं

समोरून, साधारण 45 अंशांतून येणारा स्पॉट जमिनीवर वर्तुळ पाडतो. नवा नट त्या वर्तुळाच्या बरोबर मध्यात उभा राहतो आणि चेहरा अंधारात जातो. प्रकाश तिरका येत असल्याने झोताचा मध्य जमिनीवर जिथे पोचतो त्याच्या बराच पुढे तो चेहऱ्याच्या उंचीवर असतो. म्हणून वर्तुळाच्या प्रेक्षकांकडच्या कडेजवळ उभं राहायचं. हॅलोजन असेल तर ऊब चेहऱ्यावर जाणवते, तीच खूण. एलईडीला तशी ऊब नसते, तिथे जमिनीवर पट्टीची खूण लागतेच. फोकस करणाऱ्यानेही दिवा जमिनीवर न रोखता उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर रोखावा.

रंगांचं एक गणित वेशभूषा करणाऱ्याने समजून घ्यावं. गडद निळ्या प्रकाशात लाल कपडा जवळजवळ काळा दिसतो, पांढरा कपडा मात्र सगळ्यांची नजर खेचतो. रात्रीचा प्रवेश निळा करायचा तर चेहऱ्यांसाठी फिकट पांढरा थोडासा ठेवावा, नाही तर डोळे दिसत नाहीत आणि प्रेक्षकाला शब्दही कमी ऐकू आल्यासारखे वाटतात.

कॉलेजच्या सभागृहात विजेचा हिशेब आधी करावा. 1000 वॅटचा एक हॅलोजन दिवा 230 व्होल्टवर सव्वाचार ॲम्पियरहून थोडं जास्त घेतो. पंधरा ॲम्पियरच्या लाइनवर तीन दिवे चालतात, चौथा लावला की फ्यूज जाण्याची तयारी ठेवा. एलईडी पारचा (रंग बदलता येणाऱ्या एलईडी दिव्याचा) भार खूपच कमी, पण तिथे चूक पत्त्याची होते. पत्ता म्हणजे बोर्डावरचा तो क्रमांक जिथून त्या दिव्याचे चॅनेल सुरू होतात. आठ चॅनेलचे तीन दिवे असतील तर त्यांचे पत्ते 1, 9 आणि 17 असायला हवेत. 1 आणि 5 दिले तर एका दिव्याचा रंग बदलताना दुसराही मनाप्रमाणे बदलत राहतो आणि ऑपरेटर उगीच बोर्डाला दोष देतो.

क्यू आणि ब्लॅकआउट

क्यू म्हणजे पुढची कृती सुरू होण्याची ठरलेली खूण: शब्द, हालचाल किंवा आवाज. क्यूशीटवर क्रमांक, पान, खूण, काय करायचं आणि किती सेकंदांत, एवढे पाच रकाने पुरतात. ‘लाइट कमी’ असं लिहून चालत नाही. ‘7, पान 12, “चल निघू” वर, सेंटर 80 टक्क्यांवरून 30, पाच सेकंद’ असं लिहायचं. ज्या वाक्यावर क्यू आहे ते वाक्य नटाने शब्दशः बोलायचं, इथे मनाने भर घालायची मुभा नाही. ऑपरेटर ‘निघू’ची वाट बघत बसतो आणि नट ‘जाऊ या’ म्हणून मोकळा होतो, ही चूक सगळ्यात जास्त दिसते.

संगीताच्या फाइल्सना 01, 02 असे क्रमांक द्या आणि सुरुवातीची रिकामी जागा कापून टाका. एक सेकंदाची शांतता राहिली तर थप्पड आधी आणि आवाज नंतर येतो. लॅपटॉप विमान मोडवर ठेवा, सगळ्या फाइल्सची दुसरी प्रत वेगळ्या यंत्रावर हवी.

ब्लॅकआउटमध्ये नटाने काळोख पूर्ण होईपर्यंत हलायचं नाही. त्यानंतरही डोळे सरावायला वेळ लागतो, म्हणून कोण कुठली खुर्ची, कुठल्या विंगेतून नेणार हे डोळे मिटून पावलं मोजत बसवावं. चमकणाऱ्या पट्टीच्या खुणा प्रकाशात राहिल्या तरच काळोखात चमकतात. बंद खोक्यात ठेवून ऐनवेळी चिकटवल्या तर दिसत नाहीत. सामान हलवणारे दोघे एकाच विंगेतून समोरासमोर येऊ देऊ नका. दहा सेकंदांहून लांब काळोखात प्रेक्षक आपसात बोलायला लागतात, तेवढा वेळ लागतच असेल तर त्यावर संगीत हवं.

यासाठी रंगीत तालीम. वेश, प्रकाश, संगीत, सामान सगळं खरं, मध्ये न थांबता. तिच्याआधी एक तांत्रिक तालीम वेगळी घ्यावी, ज्यात अभिनय सोडून फक्त क्यू ते क्यू जायचं. दोन्ही एकाच दिवशी कोंबल्या की दोन्ही अर्ध्या राहतात. पुण्यात 1963 पासून होणाऱ्या पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धेत भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावर असतो, म्हणून काही संघ तांत्रिक तालीम टाळतात. पण चुकलेल्या क्यूचा फटका शेवटी नटाच्या चेहऱ्यावरच दिसतो.

घंटा

प्रयोगाच्या दिवशी सेट लावायला मिळणारा वेळ स्पर्धेच्या नियमात दिलेला असतो. तो घड्याळ लावून तालमीतच सरावायचा: कोण फ्लॅट (सेटच्या भिंतींच्या चौकटी) उभे करतं, कोण मागून टेकू देतं, कोण प्रॉपर्टीचं (प्रयोगात हाताळायच्या वस्तूंचं) टेबल मांडतं. प्रॉपर्टीच्या टेबलावर प्रत्येक वस्तूची चौकट आखून नाव लिहा. रिकामी चौकट दिसली की काय राहिलं ते लगेच कळतं. पहिल्या घंटेला वेश पूर्ण, दुसरीला विंगेत, तिसरीनंतर कुणीही बोलायचं नाही. मोबाइल विंगेत नको, सायलेंटवरही नको, त्याचा उजेड सायकवर पडतो.

पडदा पडल्यावर सेट काढताना हॅलोजन दिव्यांना लगेच हात लावू नका. निवल्यावरही त्यांचा बल्ब उघड्या बोटांनी धरायचा नाही. बोटांचा तेलकटपणा काचेवर राहिला की पुढच्या वेळी तापताना बल्ब तिथेच तडकू शकतो. कापडाने धरून काढा आणि टेबलावरच्या सगळ्या चौकटी भरल्या आहेत ना ते बघूनच खोकी बांधा.