बालनाट्याची तालीम आणि मुलांची सुरक्षा: हौशी संस्थांनो, या चुका टाळा

मे महिन्याची सुट्टी लागली की शाळेचा एखादा वर्ग नाहीतर सोसायटीचा हॉल मिळवायचा, पंचवीस-तीस मुलं गोळा करायची आणि नोकरी सांभाळून नाटक बसवायचं. हौशी संस्था वर्षानुवर्षं हे करत आल्या आहेत. त्यात कुणाला मानधन नसतं, म्हणून नियम-कायदे आपल्यासाठी नाहीत असं मनात बसतं. मुलाच्या बाबतीत कायदा तुमचा पगार विचारत नाही.

‘सगळी आपलीच माणसं आहेत’

खरं तर नसतात. स्पर्धेच्या आधी पंधरा दिवसांत कोण कोण येतं ते आठवून बघा. प्रकाशयोजना करणारा, मेकअपवाला, कुणाच्या तरी ओळखीचा कॉलेजचा मुलगा. आमच्याकडेही असंच चालायचं. एकदा तालीम साडेनऊला संपली, मी नेपथ्याचं सामान टेम्पोत चढवत होतो आणि एका मुलीचे वडील पोहोचले नव्हते. नवीन आलेल्या एका मुलाने तिला स्कूटरवरून घरी सोडलं. मुलगी नीट पोहोचली. पण रात्री तिच्या आईचा फोन आला, “सर, सोडायला आला होता तो कोण?” आणि मला त्याचं आडनावसुद्धा सांगता आलं नाही. ती शांतता मी अजून विसरलेलो नाही.

तेव्हापासून आमच्याकडे एक वही आहे. कोणतं मूल कुणाबरोबर घरी जाणार हे पालकांनी त्यात आधीच लिहून द्यायचं. शेवटचं मूल जाईपर्यंत दोन मोठी माणसं थांबणार, टेम्पो खोळंबला तरी. नवीन येणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, ओळखपत्राची प्रत घ्यायची आणि तो आधी ज्या संस्थेत होता तिथे फोन करायचा. मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी ठरावीक काळाने करून घ्यावी, असं पॉक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, २०२० च्या नियमांत आहे. आपल्याकडे पगारी माणसं नसली तरी तो नियम स्वतःला लावून घ्या. मात्र पडताळणीचा कागद आला म्हणून निर्धास्त होऊ नका. ज्याच्याविरुद्ध कधी तक्रारच झाली नाही, त्याच्याबद्दल तो कागद काहीच सांगत नाही.

मेकअप रूममधली गर्दी

प्रयोगाच्या दिवशी सगळ्यात ढिलाई इथे असते. विंगेत साडीचा पडदा धरून मुली कपडे बदलत असतात, शेजारी कुणी रील काढत असतं, आणि त्या चित्रणात मागे आठ वर्षांचं पोर उघडं उभं असतं. कपडे बदलण्याच्या खोलीत मोबाइल नको. दाराशी टोपली ठेवा, दिग्दर्शकाचा फोनही त्यातच. मुलींना नऊवारी बायकाच नेसवतील, आणि खोलीत एका वेळी किमान दोघी असतील.

कॉलर माइकचा विचार तर कुणी करतच नाही. त्याची डबी कमरेला खोचायची, वायर कपड्यांच्या आतून वर घ्यायची, आणि हे काम घाईत साउंडवाला करतो. त्यात त्याच्या मनात काही असतं असं नाही. पण अनोळखी माणसाचा हात कपड्यांत जातो आणि मूल गप्प उभं राहतं, हे बरोबर नाही. साउंडवाल्याने दाखवावं, लावावं पालकाने किंवा ताईने, आणि आधी विचारून: “इथे डबी लावू का?” विचारायची सवय आपल्याला लागली की ‘नको’ म्हणायची सवय मुलांना लागते.

व्हॉट्सॲपचं सोपं आहे. गट पालकांचा, सूचना गटावरच. मुलाला एकट्याला मेसेज नाही, रात्री अकराला ‘आज छान केलंस’ असासुद्धा नाही.

‘आधी आपण आपल्यात बघू’

सगळ्यात मोठी चूक हीच. मूल कुणाबद्दल तरी काहीतरी सांगतं, मग तिघे-चौघे बसतात, त्या माणसाला बोलावून समज देतात, आणि स्पर्धा होईपर्यंत विषय झाकून ठेवतात. पॉक्सो कायदा २०१२ चा. त्याच्या कलम १९ प्रमाणे अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्यावर मात्र कोणतीही जबाबदारी येत नाही.

मुलाचं शांतपणे ऐका. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. खोदून खोदून विचारू नका. मुलाने वापरलेलेच शब्द, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. मग १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा ११२ (पोलिस आणि आपत्कालीन मदत) ला फोन करा. मुलाचं नाव गटावर टाकू नका, त्या माणसासमोर मुलाला उभं करू नका. त्या माणसाची भूमिका मोठी असली तरी तो त्याच दिवशी तालमीबाहेर. प्रयोग रद्द झाला तर होऊ दे.

पालक पोलिस म्हटलं की घाबरतात. त्यांना सांगा, मुलाचा जबाब घरीही घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेतात आणि तेव्हा त्या गणवेशात नसतात. मुलाला रात्री पोलिस ठाण्यात ठेवता येत नाही.

संस्थेतल्या मोठ्या मुली आणि बायकांसाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे, आणि त्यात विनामोबदला काम करणाऱ्याही येतात. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती हवी, त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रारीची मुदत तीन महिने, हे तालमीच्या पहिल्याच दिवशी सांगून टाका.

आणि हॉलच्या दारावर दोन नावं, दोन नंबर मोठ्या अक्षरांत लावा: काही सांगायचं असेल तर यांना सांगा. त्यातलं एक नाव बाईचं असावं आणि दिग्दर्शकाचं एकही नसावं. मुलाला दिग्दर्शकाबद्दलच सांगायचं असेल, तर त्याने जायचं कुठे?