एसजीपीटी वाढलं म्हणजे लिव्हर गेलं असं नाही, एन्झाइमचे रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

हल्ली रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो, त्यात एखादा आकडा बोल्ड दिसतो आणि डॉक्टरांकडे जायच्या आधीच घरच्या घरी निदान होऊन जातं. एन्झाइमच्या टेस्टमध्ये हे फारच चालतं. ही एन्झाइम्स (शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रोटीन्स) एरवी पेशींच्या आत असतात, पेशी दुखावल्या की रक्तात उतरतात, त्यामुळे वाढलेला आकडा बघून कुठेतरी मार बसलाय एवढं कळतं, पण नक्की कुठे ते बऱ्याचदा कळत नाही.

पुण्यातली हमखास चूक म्हणजे रविवारी सिंहगड चढायचा आणि सोमवारी सकाळी उपाशीपोटी फुल बॉडी चेकअपला जाऊन बसायचं. पाय भरून आलेले असतात, स्नायूंतून सीपीके हे तिथलं एन्झाइम बाहेर पडलेलं असतं आणि सोबत एसजीओटी हे दुसरं एन्झाइम पण, कारण ते फक्त लिव्हरमध्ये नसतं, स्नायूत, हृदयात, लाल पेशींतही असतं. दमवणारा व्यायाम झाला असेल तर एसजीपीटीसुद्धा (हे मुख्यतः लिव्हरमधलं एन्झाइम) थोडं वर जातं. आता पॅकेजमध्ये सीपीके बहुतेक नसतंच, मग लिव्हरचं पान तेवढं बिघडलेलं दिसतं आणि माणूस तेल-तूप सोडून काढे प्यायला लागतो. नव्याने जिम लावलेल्यांचंही हेच. तब्येत ठणठणीत असेल तर आठवडाभर जड व्यायाम थांबवून टेस्ट परत करा, डॉक्टरांना विचारून सीपीके पण जोडून घ्या. दंडात किंवा कमरेत घेतलेल्या इंजेक्शननेही सीपीके वाढू शकतं बरं का.

रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात 'हिमोलाइज्ड सॅम्पल' लिहिलंय का ते बघा. रक्त काढताना लाल पेशी फुटल्या तर एलडीएच (हेही पेशींतलं एक एन्झाइम), एसजीओटी, पोटॅशियम खोटंच वाढलेलं येतं.

अल्कलाइन फॉस्फटेज हे लिव्हरमध्ये आणि हाडांतही असणारं एन्झाइम वाढत्या वयातल्या मुलांचं हाडांमुळे जास्तच असतं आणि गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत वारेमुळे (प्लॅसेंटा) वाढतं, तिथे मोठ्या माणसाची रेंज लावून घाबरायचं कारण नाही. इतरांमध्ये ते वाढलेलं पण जीजीटी (लिव्हर आणि पित्तमार्गाचं एन्झाइम) नॉर्मल असेल तर सहसा हाडांकडे बघतात.

पोटदुखीत वेळ महत्त्वाची. स्वादुपिंडाला सूज आली तर अमायलेज हे पचनाचं एन्झाइम वाढतं पण तीन ते पाच दिवसांत खाली येतं, म्हणून दुखणं अंगावर काढून उशिरा गेलात तर ते नॉर्मलही येईल, तिथे लायपेज हे स्वादुपिंडाचंच दुसरं एन्झाइम जास्त दिवस टिकतं. शिवाय अमायलेज गालगुंडातही वाढतं.

छातीत दुखत असेल तर मात्र लॅब शोधत फिरू नका, थेट इमर्जन्सी गाठा. 1954 साली हार्ट अटॅक ओळखायला एसजीओटी वापरता येतं असं दिसलं, पुढे सीपीके-एमबी (सीपीकेचा मुख्यतः हृदयातला प्रकार) आलं, आता ट्रोपोनिन बघतात (हे एन्झाइम नाहीच, हृदयाच्या स्नायूतलं वेगळं प्रोटीन आहे). तेही फार लवकर केलं तर नॉर्मल येऊ शकतं, म्हणून काही तासांनी परत करतात. दुसऱ्यांदा रक्त घेतलं की बिल वाढवतायत असं समजू नका.

आणि उलटी चूकही होते, सिरोसिसमध्ये (लिव्हर व्रणांनी कडक होतं तेव्हा) एसजीपीटी नॉर्मल असू शकतं, म्हणून दारू चालू ठेवून नुसत्या त्या आकड्यावर निर्धास्त राहू नका, डॉक्टर अल्ब्युमिन (लिव्हरने बनवलेलं प्रोटीन), पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) आणि सोनोग्राफी सोबत बघतात. टीबीच्या गोळ्या चालू असतील किंवा रोज गुळवेलीचा काढा घेत असाल तर ते आधीच सांगून टाका, 'ते काय औषध आहे का' म्हणून लपवू नका. गुळवेलीने लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस आहेत. डोळे पिवळे, लघवी गडद, सारखी मळमळ, यातलं काही दिसलं तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.