रेझिस्टर आधी पत्र्यावर, बाकी सगळं नंतर

इंडिकेटरला साध्या बल्बऐवजी एलईडी लावायचा, तर सोबत बहुधा रेझिस्टर (वीज अडवून तिची उष्णता करणारा छोटा भाग) लावावा लागतो. तो बेत असेल तर आधी डिकी उघडा, टेललाइटच्या मागचं अस्तर काढा आणि आत हात घालून पत्रा शोधा. प्लॅस्टिक नाही, फोम नाही, गालिच्याची मागची बाजू नाही. पत्रा. बोटभर लांबीचा रेझिस्टर सपाट बसेल आणि दोन स्क्रूंनी कसता येईल एवढी जागा दोन्ही बाजूंना मिळाली, तरच पुढचं वाचा आणि तरच बाजारात जा. मी हे उलटं केलं होतं. आधी खरेदी, मग वायरिंग, आणि जागेचा विचार रविवारी संध्याकाळी साडेसहाला, अंधार पडताना, हातात मोबाइलचा टॉर्च धरून.

रेझिस्टर लागतो कशाला ते थोडक्यात. मागच्या इंडिकेटरचा साधा बल्ब २१ वॅटचा असतो, १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर ओढतो. त्या जागी एलईडी घातला की तो जेमतेम दोन-चार वॅट घेतो. गाडीला वाटतं बल्ब उडाला, आणि ते कळवायला ती इंडिकेटर दुप्पट वेगाने पळवते. म्हणून एलईडीला समांतर ६ ओहमचा रेझिस्टर लावून गाडीला फसवायचं. म्हणजे वीज वाचवायला एलईडी आणि वाचलेली वीज जाळायला रेझिस्टर. हसू नका, आपण सगळे हेच करतो.

पण त्याआधी एक बघा. जुन्या गाडीत डॅशबोर्डखाली किंवा फ्यूज बॉक्सजवळ टिकटिक करणारा वेगळा फ्लॅशर रिले असेल, तर एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आणा, बदला आणि घरी जाऊन चहा प्या. रेझिस्टरच्या भानगडीत पडूच नका. नव्या गाड्यांत टिकटिक कॉम्प्युटरच करतो, बदलायला काही नसतं. माझी गाडी त्यातली, म्हणून हा खटाटोप. गाडी वॉरंटीत असेल तर वायरला हात लावण्यापूर्वी दोनदा विचार करा, यापेक्षा जास्त बोलत नाही.

आता जे घडलं ते. पाकिटात चार रेझिस्टर होते, वायर जोडायच्या चार निळ्या क्लिपा होत्या, स्क्रू एकही नव्हता. स्क्रू नाहीत म्हणजे लागत नसणार, असा सरळ हिशोब मी केला. दुतोंडी फोम टेप घेतली आणि रेझिस्टर आतल्या प्लॅस्टिकवर चिकटवून टाकले. आठवडाभर सगळं झकास. इंडिकेटर पळत नव्हता, मी सोसायटीत दोघांना सल्लेही देऊन झाले. मग साताऱ्याहून येताना खेड शिवापूरच्या अलीकडे टायर पंक्चर झाला. गाडी कडेला, चारी इंडिकेटर चालू, जॅक सापडेना, पाऊण तास गेला. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "अरे, काहीतरी करपतंय का बघ." मला वाटलं शेजारच्या टपरीवरचं तेल. टेपचा गोंद केव्हाच सुटला होता, रेझिस्टर घसरून वायरच्या जुडग्यावर जाऊन बसला होता, आणि त्याने वायरचं आवरण खाल्लं. आतली तार पत्र्याला लागली, फ्यूज उडाला. पुण्यापर्यंत खिडकीतून हात काढून वळलो. नशीब की फ्यूज उडाला. नसता उडाला तर हे लिहिताना मी एवढा गमतीत नसतो.

गणित घातलं असतं तर आधीच कळलं असतं. इंजिन चालू असताना गाडीत १२ नव्हे, साधारण १४ व्होल्ट असतात. ६ ओहमवर त्याचे ३३ वॅट होतात. इंडिकेटर निम्मा वेळ बंद असतो म्हणून सरासरी १६ धरा. सोल्डरिंग गनचा विचार करा, २५ वॅटची गन कथील वितळवते. रेझिस्टरवर ५० वॅट छापलेलं असतं खरं, पण ते तो धातूवर घट्ट कसलेला असताना. हवेत लोंबकळत असेल किंवा प्लॅस्टिकवर बसला असेल, तर त्यातला निम्माही भार तो धड पेलत नाही. त्याचं ते सोनेरी अ‍ॅल्युमिनियमचं अंग आणि दोन कानांतली भोकं शोभेला नाहीत. भोकं स्क्रूसाठी आहेत. पत्र्यावर स्क्रूने.

खरेदी. रेझिस्टर ६ ओहम, ५० वॅट, जेवढे इंडिकेटर बल्ब बदलणार तेवढे. फक्त मागचे बदलणार असाल तर दोन पुरे. पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटे मिळतात. दुकानातच मल्टिमीटर लावून ६ च्या आसपास दाखवतो ना बघा. एलईडी घेताना जुना बल्ब खिशात घेऊन जा. पिवळ्या बल्बच्या पिना समोरासमोर नसतात, त्यामुळे साध्या बल्बचा एलईडी त्या होल्डरमध्ये बसत नाही, आणि दुकानदार बसेल म्हणतो. काचेचा जो रंग तोच एलईडीचा, इंडिकेटरची काच बिनरंगी असेल तर एलईडी पिवळा. लाल काचेमागे पांढरा लावलात तर गुलाबी दिसतो, लग्नाच्या वरातीसारखा. "कॅनबस" लिहिलेले एलईडी येतात, त्यांच्या आतच छोटा रेझिस्टर असतो. ती उष्णता बल्बच्या पोटात राहते, मला ते पटत नाही. ३ मिलिमीटरचे नटबोल्ट आणि स्प्रिंग वॉशर आठ घ्या, चार हरवतात. कॉम्प्युटरवाल्याकडून थर्मल पेस्टची छोटी ट्यूब, रेझिस्टरची उष्णता धातूत उतरावी म्हणून. हीट श्रिंक ट्यूब, म्हणजे गरम केली की सांध्यावर आवळून बसणारी नळी. काळी इन्सुलेशन टेप नको. उन्हाळ्यात बंद डिकीतच ती काकवीसारखी पाघळते, रेझिस्टरजवळ तर विचारूच नका. निळ्या क्लिपा फेकून द्या, त्या तारेचे निम्मे केस कापतात आणि पावसाळ्यात आतून हिरव्या होतात.

आणि अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. दुसऱ्या खेपेला मला हिने वाचवलं. गाडीच्या पत्र्याला भोक पाडायचा जीव होत नव्हता. टेललाइटच्या मागे आतला पत्रा आणि बाहेरचा रंगवलेला पत्रा कधीकधी बोटाच्या अंतरावर असतात, ड्रिल जरा निसटलं की थेट बाहेर. वर भोकाला गंज धरतो, कोकणात गाडी जात असेल तर दोन पावसाळ्यांत. म्हणून स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडे गेलो आणि तळहाताएवढा, ३ मिलिमीटर जाड तुकडा मागितला. त्याने भंगारातून काढून दिला, पैसे घेतले नाहीत. पट्टीवर घरी बसून भोकं पाडली, खाली पेस्ट फासून रेझिस्टर कसला, आणि अख्खी पट्टी आतल्या पत्र्यावर आधीपासून असलेल्या एका बोल्टखाली दाबली. फक्त तो बोल्ट सीटबेल्टचा नको. गाडीला नवं भोक शून्य. पत्र्यावर थेट कसायचा असेल तर कसा, पण ड्रिलच्या पात्यावर टेपची खूण करा आणि भोकाला प्रायमर लावा.

जागेबद्दल अजून एकदा, कंटाळलात तरी. रेझिस्टरच्या चारी बाजूंना चार बोटं मोकळी हवीत. वायरचं जुडगं, फोम, गालिचा, वॉशरच्या पाण्याची नळी यांतलं काही त्याला टेकता कामा नये. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर तिच्यापासून, तिच्या व्हॉल्व्हपासून आणि नळीपासून शक्य तितक्या लांब. तेवढी जागा नसेल तर हा उद्योगच करू नका, साधे बल्ब वाईट नसतात. आणि दिवाळीत डिकीत गच्च पिशव्या भरता, तेव्हा अस्तर दाबलं जाऊन आत कुठे टेकतं तेही दाबून बघा.

ब्रेकलाइटला रेझिस्टर लावू नका. डॅशबोर्डवर बल्बची तक्रार येत असेल तरच लावा. सिग्नलला पाय ब्रेकवर ठेवून उभे राहता तेव्हा तिथे निम्मा वेळ वगैरे नसतं, पूर्ण ३३ वॅट सलग जळत असतात.

वायर ओळखणं बॅटरी जोडलेली असतानाच करायचं. मी शहाण्यासारखी आधी बॅटरी सोडवली आणि मीटर शून्यच का दाखवतोय म्हणून दहा मिनिटं मीटरला शिव्या घातल्या. मीटर २० व्होल्टवर, काळी सळई उघड्या धातूवर, इंडिकेटर चालू, आणि लाल सळई होल्डरच्या वायरींवर एकेक करून. जिच्यावर आकडा वर-खाली नाचतो ती आपली. जिच्यावर काहीच येत नाही ती बहुधा अर्थिंगची, पत्र्याशी जोडलेली आहे ना हे इंडिकेटर बंद करून, मीटर बीपच्या खुणेवर लावून पक्कं करा. रंगांवर विसंबू नका. डाव्या-उजव्या बाजूला रंग वेगळे असतात आणि आधीच्या मालकाने काय करून ठेवलंय देव जाणे. ओळखलेल्या वायरला कागदी चिकटपट्टीची खूण करा. मग किल्ली काढा, बोनेट उघडा, दहाचा पाना घ्या आणि बॅटरीचं निगेटिव्ह सोडवा. घड्याळ बारावर येईल, येऊ द्या.

जोडणी. रेझिस्टरची एक वायर इंडिकेटरच्या वायरला, दुसरी अर्थला. त्याला उलटंसुलटं नसतं, कुठलीही कुठेही. मूळ वायर तोडून मध्ये रेझिस्टर घालायचा नाही. तसा घातलात तर एलईडी लागेल आणि इंडिकेटर पळतच राहील. आवरण सेंटिमीटरभर सोला, तार गुंडाळा, कथील लावा, हीट श्रिंक. हीट श्रिंक आधी ओवायची असते हे मला दर वेळी कथील लावून झाल्यावर आठवतं. सांधा रेझिस्टरपासून वीतभर लांब. बिनपिनांचा, नुसता आत खुपसायचा एलईडी लागत नसेल तर उपटून उलटा बसवा, त्याला मात्र उलटंसुलटं असतं. फ्यूज मोठा घालू नका, गरज नाही, भार पूर्वीपेक्षा थोडाच जास्त आहे. पुढे कधी एलईडी काढून साधा बल्ब परत लावलात तर रेझिस्टरही काढा, नाहीतर दोघांचा मिळून भार दुपटीच्या वर जातो.

बॅटरी जोडा. पाव मिनिटात इंडिकेटर किती वेळा लागतो ते मोजा, १५ ते ३० मध्ये हवा, म्हणजे मिनिटाला ६० ते १२०. हॅझर्ड (चारी इंडिकेटर एकदम) चालू करून, इंजिन चालू ठेवून, अस्तर उघडं ठेवून वीस मिनिटं थांबा. मोकळ्या जागेत, बंद गॅरेजमध्ये नाही. रेझिस्टरला हात लावू नका, फोड येतो. आजूबाजूचं प्लॅस्टिक आणि वायर हाताने बघा, नाक घाला. वास आला तर काढा.

महिन्यातून एकदा रात्री भिंतीकडे पाठ करून इंडिकेटर लावून बघा. आता एलईडी उडाला तरी गाडी सांगणार नाही, तिला आपणच फसवलंय.

अस्तर बसवायच्या आधी रेझिस्टर बोटाने हलवून बघा, थंड झाल्यावर. हलला तर परत कसा.