डीएमआर हँडी घेतली, हिरवा दिवा लागतो, पण आवाज नाही?

परवा रात्री नाशिकच्या मित्राचा फोन, "अरे, तीन दिवस झाले, दिवा लागतो, कॉम्प्युटरवरच्या डॅशबोर्डवर माणसं बोलताना दिसतात, पण माझ्या सेटमधून हूं की चूं नाही, परत करून टाकू का?" मी म्हटलं थांब, सेट चांगला आहे, तुझा एक आकडा चुकलाय. डीएमआरवर (डिजिटल मोबाइल रेडिओ, म्हणजे डिजिटल पद्धतीने बोलायचा वॉकीटॉकी) नव्याने आलेल्या बहुतेक हॅमची, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची, पहिली तक्रार हीच असते. अॅनालॉग हँडीवर फ्रिक्वेन्सी जुळली की निदान खरखर तरी ऐकू येते, इथं चार-पाच गोष्टी एकदम जुळाव्या लागतात आणि एक जरी हुकली तरी सेट ढिम्म बसतो. त्याला फोनवर जे जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितोय.

आधी लायसन्सचं उरकतो. डब्ल्यूपीसीची (केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाची) परीक्षा, मग व्हीयू थ्री किंवा व्हीयू टू कॉलसाइन (रेडिओवरची तुमची ओळख), आणि मगच पीटीटी, म्हणजे बोलताना दाबायचं बटण. ऑनलाइन मिळाला म्हणून घेतला असं चालत नाही, २०२५ मध्ये सरकारने ऑनलाइन वॉकीटॉकी विक्रीसाठी वेगळ्या गाइडलाइन्स काढल्यात त्या याच कारणासाठी. लायसन्स हातात आलं की रेडिओआयडी डॉट नेटवर त्याची कॉपी टाकून डीएमआर आयडी मागायचा. सात आकडी असतो, भारतातला ४०४ ने सुरू होतो. एका माणसाला एकच आयडी पुरतो, घरात तीन सेट असले तरी तोच घाला. हॉटस्पॉट (इंटरनेटला जोडलेला घरचा छोटा रेडिओ, खाली सांगतो) एकापेक्षा जास्त असतील तर त्यांच्यासाठी आयडीच्या शेवटी ०१, ०२ असे दोन आकडे जोडतात.

आता मुख्य भानगड. डीएमआरमध्ये साडेबारा किलोहर्ट्झच्या एकाच चॅनलवर दोन संभाषणं चालतात. वेळेचे ३० मिलिसेकंदांचे तुकडे पाडलेले असतात, एक तुकडा पहिल्या संभाषणाचा, पुढचा दुसऱ्याचा, परत पहिल्याचा. हेच ते टाइम स्लॉट १ आणि २. तुमचा सेट बोलताना निम्मा वेळच ट्रान्समिट करतो त्यामुळे बॅटरीही जास्त टिकते, तो बोनस. मित्राला मी एसटी स्टँडचं उदाहरण दिलं. कलर कोड म्हणजे स्टँड कुठला, स्लॉट म्हणजे फलाट कुठला आणि टॉकग्रुप (ज्या गटात बोलायचं त्याचा आकडा) म्हणजे बसवरची पाटी. पुण्याची बस स्टँडवर उभी आहे, तुम्हीही त्याच स्टँडवर उभे आहात, पण तुम्ही एक नंबरच्या फलाटावर आणि बस दोन नंबरच्या, मग कितीही वेळ उभे राहा.

कलर कोड ० ते १५ मधला आकडा असतो, रंगाशी काही संबंध नाही, नाव कुणी ठेवलं देव जाणे. बहुतेक ठिकाणी १ असतो. टॉकग्रुप नेटवर्कप्रमाणे बदलतात. डीएमआरवाल्यांना इंटरनेटवरून जोडणाऱ्या ब्रँडमायस्टर नेटवर्कवर भारताचा ४०४, जगाचा ९१.

कोडप्लग. म्हणजे सेटमध्ये भरायची सगळी सेटिंग्ज असलेली फाइल. केबल लावून कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमधून ती भरतात. पहिलं काम, काहीही लिहायच्या आधी सेटमध्ये जे आहे ते 'रीड' करून सेव्ह करून ठेवा, उद्या काही बिघडलं तर परत जायला जागा राहते. दुसरं, नेटवरून उतरवलेला कोडप्लग डोळे मिटून टाकू नका. बरेचसे अमेरिकेतल्या लोकांनी बनवलेले असतात आणि त्यात ४४० च्या पुढच्या फ्रिक्वेन्सी बिनधास्त भरलेल्या असतात. त्यांच्याकडे चालतं, आपल्याकडे हॅमला यूएचएफच्या या भागात ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ एवढीच जागा आहे. ४४६.० ते ४४६.२ हा आपल्याकडे कमी पॉवरच्या विनापरवाना वॉकीटॉकीचा पट्टा आहे, तिथं पाच वॅटची हॅम हँडी घेऊन जायचं काही कारण नाही. आणि ४३५ ते ४३८ मध्ये हॅम सॅटेलाइट्स असतात, तिथं हॉटस्पॉट लावून बसलात तर वरून येणारा बारीकसा सिग्नल ऐकायला अँटेना हातात धरून गच्चीवर उभा असलेला कुणीतरी तुम्हाला शिव्या घालेल. राहता राहिलं ४३४ ते ४३५, हॉटस्पॉटसाठी जागा त्यातच शोधायची, आणि लावण्याआधी ती फ्रिक्वेन्सी थोडा वेळ ऐकून मोकळी आहे ना ते बघायचं.

हॉटस्पॉट म्हणजे रास्पबेरी पायवर बसवलेला छोटा रेडिओ बोर्ड, इंटरनेटला जोडलेला, पॉवर अगदी मिलिवॅटमध्ये, घरातल्या घरात पुरते. तुमच्या टप्प्यात डीएमआर रिपीटर (तुमचा सिग्नल घेऊन लांबवर पुन्हा पाठवणारं केंद्र) असेल तर उत्तमच, पण बऱ्याच गावांत नसतो म्हणून लोक हे वापरतात. ब्रँडमायस्टरच्या साइटवर सेल्फकेअरमध्ये जाऊन हॉटस्पॉटचा पासवर्ड ठरवायचा आणि तोच हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये टाकायचा, नाहीतर तो जोडलाच जात नाही.

मित्रासाठी बनवलेला चॅनल असा होता. नाव 'भारत', प्रकार डिजिटल, रिसीव्ह आणि ट्रान्समिट दोन्ही ४३४.६००, पॉवर लो, कलर कोड १, स्लॉट २, कॉन्टॅक्ट ४०४ आणि तो 'ग्रुप कॉल' म्हणून, आरएक्स ग्रुप लिस्टमध्येही ४०४. अॅडमिट क्रायटेरिया (सेटने कधी बोलू द्यायचं ते) 'ऑलवेज'. रिपीटर असेल तर मात्र तिथं 'कलर कोड फ्री' ठेवा म्हणजे कुणी बोलत असताना तुमचा सेट मध्ये घुसणार नाही.

आता यातल्या अडकायच्या जागा सांगतो. एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारा साधा हॉटस्पॉट सगळं स्लॉट २ वर चालवतो, मित्राने स्लॉट १ ठेवला होता, त्याचे तीन दिवस तिथंच गेले. दुसरी जागा आरएक्स ग्रुप लिस्ट. कॉन्टॅक्टमध्ये जो टॉकग्रुप टाकता त्यावर तुम्ही बोलता, ऐकायचं काय ते ही लिस्ट ठरवते. ती रिकामी असेल तर बऱ्याच सेटवर दिवा लागतो आणि आवाज येत नाही. शंका असेल तर सेटमध्ये 'डिजिटल मॉनिटर' नावाचा पर्याय असतो का बघा, तो चालू केला की त्या फ्रिक्वेन्सीवर जे काय चाललंय ते सगळं ऐकू येतं. त्यात आवाज आला म्हणजे घोळ लिस्ट, टॉकग्रुप किंवा स्लॉट असल्या सेटिंगमध्ये आहे. तिसरी जागा आयडी. हॉटस्पॉट 'प्रायव्हेट' ठेवला असेल तर तो फक्त मालकाचाच आयडी आत घेतो, एक आकडा इकडचा तिकडे झाला तरी तुमचाच हॉटस्पॉट तुम्हाला दारात उभं करत नाही. आणि चौथी, एनक्रिप्शन किंवा प्रायव्हसी. हे सेट मुळात धंद्यासाठी बनलेले असतात म्हणून त्यांच्यात हा पर्याय असतो. हॅममध्ये गुप्त बोलणं चालत नाही, तो बंदच ठेवा.

सगळं भरून झालं की लगेच ४०४ वर जाऊन "हॅलो टेस्टिंग" करू नका. त्यासाठी पॅरट आहे. ९९९० हा आकडा 'प्रायव्हेट कॉल' म्हणून कॉन्टॅक्टमध्ये टाका (इथं ग्रुप कॉल ठेवून लोक डोकं फोडत बसतात), पीटीटी दाबून दहा सेकंद काहीही बोला, सोडा, थोड्या वेळात तुमचाच आवाज परत ऐकू येईल. बोलताना हॉटस्पॉटच्या डॅशबोर्डवर बीईआर (बिट एरर रेट, म्हणजे चुकीचा पोचलेला डेटा) नावाचा टक्का दिसतो त्याकडे लक्ष ठेवा. एक टक्क्याच्या आत असेल तर खूश व्हा. चार-पाचच्या वर गेला तर आवाज फाटायला लागतो. स्वस्त बोर्डांची फ्रिक्वेन्सी काहीशे हर्ट्झने इकडे-तिकडे असते, सेटिंगमध्ये ऑफसेट पन्नास-शंभरने वरखाली करत परत परत पॅरटला बोलायचं आणि टक्का सगळ्यात कमी कुठं येतो ते शोधायचं. माझ्या बोर्डला अर्धा तास लागला होता, बायकोने दोनदा येऊन विचारलं की एकटाच कुणाशी बोलतोयस.

आणि पॅरट नीट ऐका. सेट तोंडापासून चार बोटं लांब धरा, सरळ माइकमध्ये फुंकल्यासारखं बोलू नका, ओरडू तर अजिबात नका. डीएमआरमधला कोडेक (आवाजाचं डिजिटलमध्ये रूपांतर करणारा भाग) माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला आहे, मागे मिक्सर चालू असेल किंवा कुकरची शिट्टी झाली तर तो बिचारा ती शिट्टीसुद्धा बोलण्यासारखी करून दाखवायला जातो आणि ऐकणाऱ्याला भूत किंचाळल्यासारखं ऐकू येतं. सिग्नल कमी पडला की काय होतं तेही इथंच शिकून घ्या, सेट घेऊन जिन्यातून खाली जात पॅरटला बोला. सिंहगडावर अॅनालॉग हँडी घेऊन गेलेल्यांना सवय असते की सिग्नल कमी झाला की खरखर वाढते, माणूस ओळखून घेतो. डिजिटलमध्ये शेवटपर्यंत आवाज स्वच्छ, मग एकदम रोबो बडबडल्यासारखा, मग काहीच नाही. समोरचा म्हणाला "तुम्ही रोबो झालात" तर पॉवर वाढवायच्या आधी दोन पावलं बाजूला सरकून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं.

आता खरं बोलायचं. पीटीटी दाबा, एक सेकंद थांबा, मग तोंड उघडा. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. दाबल्या दाबल्या सेट, हॉटस्पॉट, सर्व्हर आणि तिकडचे सगळे रिपीटर जागे व्हायला क्षणभर लागतो आणि त्यात तुमच्या कॉलसाइनचं पहिलं अक्षर खाल्लं जातं, मग समोरचा विचारत बसतो "कोण टू, कोण टू?" समोरच्याने सोडल्यावरही लगेच दाबू नका, तीन-चार सेकंद जाऊ द्या. मध्ये कुणाला घुसायचं असेल, कुणाला टॉकग्रुप बदलून जायचं असेल, कुणाकडे काही तातडीचं असेल, त्यांना हीच एक फट मिळते. नवीन माणसं गप्पा रंगल्या की ही फट ठेवत नाहीत आणि मग बाकीचे वीस मिनिटं कॉलसाइन द्यायला टपून बसतात. एका टॉकग्रुपवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, दुसऱ्याने दाबलं तर त्याचा आवाज कुठंच जात नाही आणि बऱ्याचदा त्याला ते कळतही नाही.

बोलावताना साधं ठेवा, "व्हिक्टर युनिफॉर्म थ्री" आणि पुढची तुमची अक्षरं, "लिसनिंग ऑन फोर झीरो फोर". कुणी बोलत असेल तर ऐका, फट मिळाली की फक्त कॉलसाइन द्या, बोलावलं तर जा. ९१ वर सगळं जग ऐकत असतं, तिथं नाव-गाव-सिग्नल एवढं झालं की लांबलचक गप्पांसाठी दुसऱ्या टॉकग्रुपवर सरका. आमचा एक कॉलेजमित्र न्यू जर्सीत असतो, त्याची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, आम्ही ९१ वर भेटतो आणि लगेच दुसरीकडे जाऊन तासभर मराठीत बोलतो. मराठीत बोलायला काही हरकत नाही, कॉलसाइन मात्र इंग्रजी फोनेटिक्समध्ये द्या, म्हणजे बाकीच्यांनाही कळतं कोण आहे.

टॉकग्रुप सोडून जायचं कसं हे कुणी सांगत नाही. तुम्ही ९१ वर एकदा पीटीटी दाबलं की हॉटस्पॉटला वाटतं तुम्हाला ९१ हवाय आणि मग तो ते ऐकवतच राहतो. बंद करायचं तर ४००० वर एकदा पीटीटी दाबा, जोडणी सुटते. घरच्या हॉटस्पॉटवर हे विसरलात तर तुमचीच झोपमोड. रिपीटरवर विसरलात तर तो स्लॉट सगळ्या गावासाठी अडतो, कुणी स्थानिक माणूस अपघाताची खबर द्यायला आला तरी त्याला अर्जेंटिनातल्या कुणाच्या तरी अँटेनाची उंची ऐकत बसावं लागेल. म्हणून रिपीटरवर जगभराचा टॉकग्रुप ओढून आणायच्या आधी विचारा आणि काम झालं की सोडा.

टाइम आउट टायमर (ठरलेल्या वेळेनंतर ट्रान्समिट आपोआप थांबवणारा) लावा, तीन मिनिटं पुरे. माझा सेट एकदा सोफ्याच्या फटीत पीटीटी दाबलेल्या अवस्थेत अडकला होता आणि टायमर नव्हता. आई स्वयंपाकघरातून ओरडतेय "अरे दूध उतू चाललंय", मी ओरडतोय "बघतो बघतो", आणि हे सगळं ४०४ वर. सेट सापडून फटीतून काढला तेव्हा पहिला आवाज आला तो कुणा अनोळखी ओएमचा (ओल्ड मॅन, हॅम एकमेकांना असंच म्हणतात), अगदी शांतपणे, "ओएम, दूध बघितलंत का?"

मित्राने फोन चालू असतानाच स्लॉट २ करून कोडप्लग परत लिहिला. ९९९० वर काहीतरी बोलला, सोडलं, दोन-तीन सेकंद शांतता, आणि मग मला फोनमधूनच त्याचा सेट ऐकू आला. तो काही क्षण गप्पच होता. मग म्हणाला, "माझा आवाज एवढा वाईट आहे?" मी म्हटलं माइक जरा लांब धर.