जुन्या ऑस्ट्रेलियन पेपरांतल्या खोकल्याच्या जाहिराती वाचताय? या चुका टाळा

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या वर्तमानपत्रांची कात्रणं हल्ली सगळीकडे फिरतात. 'ट्रोव्ह' आणि 'पेपर्स पास्ट' ही त्या दोन देशांच्या राष्ट्रीय ग्रंथालयांची संकेतस्थळं फुकट आहेत. कुणीही उठतं, औषधाचं नाव टाकतं, एक जाहिरात कापून घेतं आणि खाली लिहितं, "पूर्वी लोक पोरांना सर्रास अफू पाजायचे!" की झाला अभ्यास. त्याच त्या चुका वाचून डोकं उठलंय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

जाहिरातीत छापलेली तारीख म्हणजे पेपरची तारीख नव्हे

ही माझी सगळ्यात नावडती चूक. डॉ. जे. कॉलिस ब्राउन यांचं क्लोरोडाइन घ्या. खोकला, दमा, ब्राँकायटिस, हगवण, कॉलरा, सगळ्यांवर एकच बाटली. ब्राउन हिंदुस्थानात लष्करी डॉक्टर होते आणि त्यांचं औषध लंडनचे डॅव्हनपोर्ट बनवून विकत. ते इतकं चाललं की फ्रीमन नावाच्या प्रतिस्पर्ध्यानेही आपलं क्लोरोडाइन बाजारात आणलं. प्रकरण कोर्टात गेलं. क्लोरोडाइनचे जनक निःसंशय ब्राउनच, असं न्यायाधीश पेज वुड यांनी (त्यांचं पद व्हाइस-चान्सलर, विद्यापीठाचं नव्हे, कोर्टाचं) भर कोर्टात सांगितलं. झालं, डॅव्हनपोर्टना आयती जाहिरात मिळाली. 'पाहा टाइम्स, १३ जुलै १८६४' (म्हणजे लंडनचा टाइम्स) ही ओळ त्यांनी पुढे कित्येक वर्षं जाहिरातीत तशीच ठेवली.

आता ऐका. ओळखीतल्या एका काकांनी जुन्या बाजारातून असंच एक कात्रण विकत घेतलं, काचेच्या चौकटीत बसवलेलं. पाठीमागे विकणाऱ्याची चिठ्ठी: '१८६४, अस्सल'. काकांनी फोटो टाकला, लोकांनी वाहवा केली. मी म्हटलं, काका, काच काढा आणि कागद उलटा करून बघा. ते काही केल्या ऐकेनात. "अरे, तारीख ढळढळीत छापलीय की!" शेवटी त्यांच्या मुलीने चौकट उघडली. मागच्या बाजूला हवा भरायच्या टायरवाल्या सायकलची जाहिरात! डनलॉपने तो टायर आणला १८८८ मध्ये. काकांचं त्यावरचं म्हणणं असं की सायकलची जाहिरात नंतर छापली असेल. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला, पंचवीस वर्षांनी!

माझी सवय साधी आहे. जाहिरात बघण्याआधी पूर्ण पान उघडायचं आणि पेपरचं नाव, तारीख, पान, रकाना वहीत लिहायचं. वर काय आहे, खाली काय आहे, तेही लिहायचं. कंटाळवाणं काम आहे खरं. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी जुन्या पेपरांच्या वाटेला जाऊ नये, रील बघावेत.

किमतीतला दीड पेनी 'चुकून पडलेला' नसतो

'१ शिलिंग दीड पेनी, २ शिलिंग ९ पेन्स, ४ शिलिंग ६ पेन्स' असे भाव (बारा पेन्सचा एक शिलिंग) दिसले की नवखे लोक त्याला बाटाच्या भावासारखी विक्रीची युक्ती समजतात. तसं नाही. ब्रिटनमध्ये तयार औषधांवर मुद्रांक कर होता. शिलिंगपर्यंतच्या मालावर दीड पेनी, अडीच शिलिंगपर्यंत ३ पेन्स, ४ शिलिंगपर्यंत ६ पेन्स. मूळ किमतीत कर मिळवा, वरचे तिन्ही भाव बरोबर येतात. म्हणजे हा भाव ब्रिटनमधल्या गिऱ्हाइकाचा. तोच मजकूर वसाहतीतल्या पेपरला धाडला की भावही तसाच छापून यायचा. मेलबर्नचा दुकानदार खरोखर काय घेत होता ते त्यावरून कळत नाही.

आणि उलटंही करू नका. जीलाँगचे केमिस्ट डब्ल्यू. जी. हर्न यांचा 'हर्न्स ब्राँकायटिस क्युअर' लहान बाटली २ शिलिंग ६ पेन्स आणि मोठी ४ शिलिंग ६ पेन्स अशी विकला जायचा. ४ शिलिंग ६ पेन्स दिसले म्हणून लगेच ब्रिटनचा कर शोधायला धावू नका. हा माल ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीतला.

त्याच मुद्रांकाबद्दल आणखी एक: बाटलीवर सरकारी तिकीट आहे म्हणजे सरकारने औषध तपासलं, हा समज विक्रेत्यांनीच मुद्दाम पसरू दिला होता. तुम्ही त्याला आज बळी पडू नका.

'पेटंट' औषधांपैकी बहुतेकांना पेटंट नव्हतंच. पेटंट घ्यायचं तर कृती उघड करावी लागते, आणि धंदा तर सगळा गुपितावर.

शोधात सापडलं नाही म्हणजे छापलंच नव्हतं, असं नाही

ही दुसरी नावडती. संगणकाने पानाच्या चित्रावरून वाचलेला मजकूर आपण शोधत असतो, छापलेला मजकूर नव्हे. जाहिरातींचा टाइप बारीक, शाई फुटलेली, मायक्रोफिल्मवर ओरखडे. इंग्रजी 'आर' आणि 'एन' जवळ आले की संगणक त्यांचा 'एम' करतो. मग हर्न होतो 'हीम'. 'सी'चा 'ओ' होतो आणि क्लोरोडाइनचं 'ओलोरोडाइन'. ट्रोव्हवर स्वयंसेवक चुका सुधारतात, पण बिचारे मृत्यूच्या बातम्या आणि खुनाचे खटले आधी सुधारतात. खोकल्याच्या जाहिरातीकडे कोण बघतो?

एका स्थानिक इतिहासाच्या प्रदर्शनासाठी एक हुशार, पण उतावळा मुलगा फलक लिहीत होता. त्याने शोधाच्या आकड्यांचा आलेख काढला, त्यात एका औषधाच्या जाहिराती मध्येच शून्यावर आलेल्या दिसल्या, आणि त्याने कारणही ठोकून दिलं: 'कायदा कडक झाल्यामुळे.' कोणता कायदा? "असेल कुठलातरी." मी त्याला त्याच काळातले अंक पानापानाने चाळायला बसवलं. जाहिरात होती. त्याच पानावर, त्याच कोपऱ्यात, फक्त नावाचा पहिला शब्द फुटलेला. फलक छापायला गेला नव्हता म्हणून निभावलं.

म्हणून मी नाव कधीच एकट्याने शोधत नाही. चुकीची स्पेलिंग्ज मुद्दाम टाकतो, गावाचं नाव टाकतो, जाहिरातीतलं एखादं लांबलचक वाक्य टाकतो. तरी सापडलं नाही तर दर महिन्याचा एखादा अंक डोळ्यांनी बघतो. आकड्यांचे आलेख काढणाऱ्यांना आणखी एक सांगतो: पेपर्स पास्टवर जाहिराती रकान्या-रकान्याने एकत्र ठेवलेल्या असतात. एक निकाल म्हणजे एक जाहिरात नव्हे, आणि शंभर जाहिराती म्हणजे शंभर बाटल्या खपल्या असं तर मुळीच नव्हे. ठरावीक मुदतीचा करार असायचा, तोच मजकूर रोज छापून यायचा. त्यातून एवढंच कळतं की कुणीतरी पैसे भरले होते.

बातमीच्या वेषातली जाहिरात

'डॉ. विल्यम्स पिंक पिल्स'वाले यात पटाईत. कॅनडातली कंपनी, पण मजकूर तुमच्या गावचा. अमक्या बाई अंथरुणाला खिळल्या होत्या, डॉक्टरांनी हात टेकले, वगैरे. बातमीसारखं शीर्षक, बातमीसारखी सुरुवात. गोळ्यांचं नाव खाली, सावकाश. फक्त 'जाहिराती' हा वर्ग निवडून शोधलंत तर असा मजकूर निसटण्याची शक्यता भरपूर. सगळे वर्ग शोधा आणि शेवटचा परिच्छेद आधी वाचा.

'मला गुण आला' छाप पत्रं खरी की खोटी यावर वाद घालत बसू नका. तेच पत्र किती वर्षं छापलं गेलं ते बघा.

टपालाने माल: 'व्ही.पी.' डोक्यातून काढा

आपल्याकडे १८७७ पासून व्ही.पी. आहे. आधी पार्सल, मग पैसे, हे मराठी वाचकाच्या अंगात भिनलंय. तिकडच्या जाहिरातीतही तसंच असणार असं गृहीत धरून लोक खुशाल लिहितात. जाहिरातीतली शेवटची बारीक ओळ वाचा: पैसे सोबत पाठवायचेत का, पोस्टल नोट (पैसे धाडायची टपालखात्याची चिठ्ठी) चालेल की तिकिटं, टपालखर्च कुणाचा. व्हिक्टोरियात पोस्टल नोटा १८८५ मध्ये आल्या. त्याआधीच्या जाहिरातीत पोस्टाची तिकिटं मागितलेली दिसली तर बुचकळ्यात पडू नका. हर्नच्या जाहिरातीतही तळाशी असायचं की स्थानिक दुकानात मिळत नसेल तर कोणत्याही पत्त्यावर टपालाने पाठवू. म्हणजे लांबच्या पेपरात जाहिरात दिसली तरी त्या गावात माल दुकानात होता असं ठरत नाही. सिडनीच्या अँथनी हॉर्डर्नसारख्या मोठ्या दुकानांचंही तेच. आणि १९०१ पूर्वी प्रत्येक वसाहतीची जकात वेगळी होती, हे किमती ताडून बघताना विसरतात.

बाटलीत काय होतं?

नावावरून ओळखू नका. आयर्स चेरी पेक्टोरलमध्ये रानचेरीचं सरबत होतं, आणि मॉर्फिनही, म्हणजे अफूतलंच द्रव्य. क्लोरोडाइनमध्ये मॉर्फिन, क्लोरोफॉर्म आणि गांजाचा अर्क. म्हणून खोकल्याच्या प्रत्येक औषधात अफू होती असंही नाही. आणि 'यात अफू नाही' असं छापलंय म्हणून नव्हती असंही नाही. ऑस्ट्रेलिया सरकारने नेमलेले चौकशी आयुक्त ऑक्टेव्हियस बील यांचा गुप्त औषधांवरचा अहवाल १९०७ चा, ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने छापलेली अशा औषधांची पृथक्करणं १९०९ ची. दोन्ही जरूर वाचा, पण त्यांतली यादी उचलून १८७० च्या जाहिरातीखाली चिकटवू नका. त्याच नावाखाली बाटलीतला माल गुपचूप बदलत असे, आणि १९०७ ला तपासली ती १९०७ च्या आसपासची बाटली.